झॅक ईडी, पर्ड्यूचा सेंटर: भारी काय, कमी काय, सगळं मनापासून

सात फूट चार इंच. अमेरिकेतल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीकडून बास्केटबॉल खेळलेल्या झॅक ईडीचं नाव काढलं की बोलणं इथेच सुरू होतं आणि बहुतेक वेळा इथेच संपतं. "एवढी हाईट असल्यावर कुणीही टाकेल रे बास्केट" हे मी आपल्या मराठी ग्रुपवर ऐकलंय, समोरच्या टीमच्या फॅन्सकडून ऐकलंय, आणि दर वेळी मला राग आलाय, कारण ज्याने त्याला ओळीने तीन सीझन बघितलंय त्याला माहितीये की हाईट हा त्याच्या खेळातला सगळ्यात सोपा भाग आहे. आणि त्याच्यात जे कमी आहे तेही लोक चुकीचंच सांगतात. म्हणून हा रिव्ह्यू. मोठा होणारे, चहा घेऊन बसा.

मी 2021 च्या ऑगस्टमध्ये एमएस करायला पर्ड्यूला गेलो. इंडियाना राज्यात वेस्ट लाफायेट म्हणून गाव आहे तिथे ही युनिव्हर्सिटी, आणि कोल्हापुरात पेठापेठांत फुटबॉल जसा भिनलाय ना तसा इंडियानात बास्केटबॉल आहे, किराणा दुकानातली काउंटरवरची बाई पण काल फ्री थ्रो (फाऊलनंतर मिळणारे मोकळे शॉट) किती सुटले ते सांगते. तिथलं मॅकी अरेना साधारण पंधरा हजारांचं, वरून गोल छप्पर, आवाज बाहेर जातच नाही, पहिल्या मॅचला माझे कान रात्रीपर्यंत वाजत होते. स्टुडंट्सच्या स्टँडला पेंट क्रू म्हणतात, तिथे कुणी बसत नाही, दोन तास उभं राहायचं. मी नागपूरला शाळेपासून खेळलोय, सहा फूट एक म्हणजे आपल्याकडे सेंटरच (रिंगखाली खेळणारा टीममधला उंच माणूस), त्यामुळे रिंगखाली पाठ करून उभं राहणं, मागून कोपर खाणं, बॉल मागत हात वर धरून दंड दुखेपर्यंत थांबणं हे मी केलंय. म्हणून मॅच बघताना माझं लक्ष बॉलकडे कमी आणि त्या एका माणसाकडे जास्त असायचं.

थोडी पार्श्वभूमी. हा टोरंटोचा पोरगा, कॅनडाचा. लहानपणी आइस हॉकी आणि बेसबॉल खेळायचा, व्यवस्थित बास्केटबॉल सुरू केलं ते दहावीच्या आसपास. कॉलेजला येताना अमेरिकेतल्या पोरांच्या रँकिंगमध्ये चारशेच्याही पुढे कुठेतरी होता, म्हणजे मोठ्या कॉलेजांनी ढुंकूनही बघितलं नव्हतं. पर्ड्यूचा कोच मॅट पेंटर मात्र मोठे सेंटर घडवण्यासाठीच ओळखला जातो, त्याने घेतला. पहिल्या वर्षी मॅचला 8.7 पॉइंट, दुसऱ्या वर्षी 14.4, तिसऱ्या वर्षी 22.3 आणि चौथ्या वर्षी 25.2, देशात सगळ्यात जास्त. ओळीने दोन वर्षं नॅशनल प्लेअर ऑफ द इयर. असं ओळीने याआधी व्हर्जिनियाच्या राल्फ सॅम्पसनने केलं होतं, 1981 ते 83, आणि तोही सात फूट चारच. मधली चाळीस वर्षं कुणालाच जमलं नाही. हाईटवरच जमत असतं तर त्या चाळीस वर्षांत उंच पोरं काय कमी आली होती?

आता खरं सांगायचंय ते. ईडीची सगळ्यात मोठी ताकद म्हणजे बॉल यायच्या आधी तो काय करतो. एसटी स्टँडला लागायच्या आधी खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसं. पर्ड्यूचा गार्ड बॉल घेऊन अर्ध्या कोर्टवर येत असतो तेव्हा हा आधीच धावत जाऊन पेंटमध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात, पोचलेला असतो, डिफेंडरच्या मांडीला आपली मांडी लावतो, कंबर खाली, पाय रुंद, आणि पाठीने हळूहळू ढकलत त्याला रिंगच्या खाली घेऊन जातो. तालमीत वस्ताद ओरडतात ना कंबर खाली ठेव म्हणून, अगदी तसं, आणि सात फूट चार इंचाच्या माणसाने एवढं खाली बसणं किती अवघड आहे ते ज्याचे गुडघे दुखलेत त्यालाच कळेल. एकदा ती जागा मिळाली की पुढचं काम दोन सेकंदांचं, हात वर, वरून पास, एक पाऊल, डाव्या खांद्यावरून वळून उजव्या हाताने हुक, म्हणजे हात डोक्यावरून फिरवून टाकलेला शॉट. तोच तोच शॉट. सगळ्यांना माहीत असतं काय येणारे, तरी थांबवता येत नाही कारण लढाई बॉल यायच्या आधीच संपलेली असते. चौथ्या वर्षी 62 टक्के शॉट आत, आणि हे सगळं अंगावर दोन दोन माणसं लटकलेली असताना.

पहिल्या वर्षाचे व्हिडिओ काढून बघा, तेव्हा तो बॉल घेतल्यावर छातीपर्यंत खाली आणायचा आणि खालून कुणीतरी सहा फुटाचा गार्ड टपली मारून काढून न्यायचा. आमच्या सरांचं एकच वाक्य असायचं, "बॉल खाली आणलास की तो तुझा राहत नाही". तिसऱ्या वर्षापर्यंत ईडीने ते पूर्ण मोडून टाकलं, बॉल हनुवटीच्या वर, दोन्ही कोपरं बाहेर, आणि तिथूनच शॉट. ही सवय बदलणं दिसायला छोटी गोष्ट आहे, पण त्याच्या सगळ्या अवॉर्डांचं मूळ मला तिथे दिसतं.

दुसरी गोष्ट फ्री थ्रो. एवढ्या अवाढव्य सेंटरला रोखायचा जुना उपाय म्हणजे सरळ फाऊल करा, उभा राहू दे लाईनवर, चुकेलच. ईडीला हा उपाय लागूच पडत नाही, तो सत्तर टक्क्यांच्या वर टाकतो. चौथ्या वर्षी मॅचला सरासरी अकरा फ्री थ्रो घेतले त्याने, म्हणजे समोरच्या टीमचे दोन सेंटर हाफटाईमपर्यंत तीन तीन फाऊल घेऊन बेंचवर. कॉलेजमध्ये पाच फाऊलला बाहेर, त्यामुळे हा हिशोब फार महत्त्वाचा. रेफ्री त्याला सांभाळतात अशी ओरड कायम असायची. माझं मत विचाराल तर दर पझेशनला त्याच्या खांद्यावर, मनगटावर, कमरेला हात असायचे आणि त्यातले अर्धे तर शिट्टी न वाजताच जायचे. पण हेही खरं की तो खांद्याने ढकलायचा तेही बऱ्याचदा सोडून दिलं जायचं. दोन्ही बाजूंनी सुटायचं.

आणि दम. दुसऱ्या वर्षी तो मॅचला एकोणीस मिनिटं खेळायचा, टीममधल्या ट्रेव्हियन विल्यम्सबरोबर पाळी लावून, चार मिनिटांत तोंड उघडून श्वास घ्यायचा. शेवटच्या दोन वर्षांत सरासरी बत्तीस मिनिटं, चाळीस मिनिटांच्या मॅचमध्ये. तीनशे पाउंडांच्या, म्हणजे जवळजवळ 136 किलोच्या माणसाने हे करायचं म्हणजे उन्हाळ्यात काय मेहनत केली असेल. मला त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर ह्याच गोष्टीचा वाटतो.

आता कमी काय ते, आणि हे लिहिताना मला आनंद होत नाहीये.

डिफेन्समध्ये तो रिंगजवळ भिंत आहे, मॅचला दोनच्या वर ब्लॉक, आणि ब्लॉकपेक्षा जास्त ते शॉट जे लोक त्याला बघून घेतच नाहीत. नुसता हात वर केला तर रिंग वीतभरसुद्धा लांब राहत नाही. पण त्याला बाहेर काढलं की प्रश्न सुरू. पर्ड्यू त्याला कायम आत मागेच थांबवायची, समोरच्याने स्क्रीन लावून, म्हणजे डिफेंडरची वाट अंगाने अडवून, पिक अँड रोल केला की ईडी पेंटमध्ये, आणि फ्री थ्रो लाईनच्या आसपास आठ दहा फुटांची जागा मोकळी. चांगला गार्ड असेल तर त्याला ते अंगणच मिळतं. 2023 च्या डिसेंबरमध्ये नॉर्थवेस्टर्नचा बू बुई हेच करत बसला, स्क्रीन घ्यायची, दोन ड्रिबल, ईडी मागे आहे बघून शॉट, आणि ईडी पुढे आला की बाजूने आत. 31 पॉइंट टाकले त्याने. ईडीने स्वतः 35 टाकले तरी ओव्हरटाईमला 92-88 ने मॅच गेली, आणि तेव्हा पर्ड्यू नंबर एकला होती. पायांचा वेग हा सरावाने एका मर्यादेपर्यंतच वाढतो. तो आडवा सरकतो तेव्हा पहिलं पाऊल बरं पडतं, दुसरं उशिरा पडतं, आणि तेवढ्यात गार्ड निघून गेलेला असतो.

एक गोष्ट इथे सांगायला हवी की कॉलेजचे नियम अशा सेंटरला मदत करतात. एनबीएमध्ये, म्हणजे तिथल्या प्रो लीगमध्ये, डिफेंडरला कुणाला गार्ड न करता पेंटमध्ये तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही, कॉलेजमध्ये ती अट नाही, म्हणजे ईडी रिंगखाली ठाण मांडून उभा राहू शकायचा. कॉलेजचा पेंट बारा फूट रुंद, एनबीएचा सोळा. थ्रीची, म्हणजे तीन पॉइंटच्या शॉटची, लाईनही एनबीएत लांब, म्हणजे डिफेन्सला जास्त पळायचं. म्हणून कॉलेजमधले त्याचे आकडे बघताना ही चार फूट जागा डोक्यात ठेवायला हवी.

पण हळूपणा ही त्याची खरी मर्यादा नाही असं माझं मत आहे. खरी मर्यादा ही की त्याचं सगळं काम दुसऱ्या कुणीतरी वेळेवर पास दिल्यावर सुरू होतं, आणि त्याची बास्केट दोनचीच असायची. तो बॉल घेऊन स्वतः काही तयार करत नाही, चार वर्षांत कॉलेजमध्ये फक्त एक थ्री आत गेला. मॅचला दोनच्या आसपास असिस्ट (दुसऱ्याला बास्केट करून देणारे पास). डबल टीम आली की, म्हणजे कबड्डीत दोघं साखळी करून येतात तसे दोघं अंगावर आले की, पास द्यायला तो शिकला, शेवटच्या वर्षी तर बराच बरा झाला, पण आपला माणूस मोकळा झालाय हे त्याला अर्धा सेकंद उशिरा दिसतं.

ह्याचं सगळ्यात वाईट रूप बघितलं 17 मार्च 2023 ला. मी मित्राच्या अपार्टमेंटवर होतो, आम्ही नऊ जण, तीन पिझ्झे, मिडटर्म झालेली. मार्चमधली कॉलेजांची नॉकआउट टूर्नामेंट, पर्ड्यू नंबर एक सीड (म्हणजे पहिलं मानांकन), समोर फेअरली डिकिन्सन, सोळावं सीड, आणि देशातल्या 363 टीम्समध्ये सरासरी उंचीने सगळ्यात बुटकी टीम. देशातल्या सगळ्यात उंच सेंटर्सपैकी एक विरुद्ध सगळ्यात बुटकी टीम. त्यांनी केलं काय तर एक माणूस ईडीच्या पुढे, एक मागे, आणि बाकीचे तिघं पर्ड्यूच्या गार्ड्सवर पिसाळल्यासारखे, पास वरून टाकायला वेळच द्यायचा नाही. म्हणाले असतील, टाका बाहेरून. आमच्या पोरांनी 26 थ्री टाकले, पाच आत. ईडीचे 21 पॉइंट, 15 रिबाउंड (चुकलेले शॉट परत पकडणं), आणि शेवटच्या मिनिटांत तो हात वर करून उभा आहे, उभाच आहे, आणि बॉल येतच नाहीये. 63-58. पुरुषांच्या टूर्नामेंटमध्ये सोळाव्या सीडने पहिल्याला हरवायची ही दुसरीच वेळ. त्याआधीच्या वर्षी पंधरावं सीड सेंट पीटर्स, त्याच्या आधीच्या वर्षी तेरावं सीड नॉर्थ टेक्सास. तीन वर्षं ओळीने छोट्या टीम्सनी घरी पाठवलं. मित्राच्या घरी त्या रात्री कुणी टीव्ही बंद करायला पण उठलं नाही.

त्यानंतर तो एनबीएला निघून जाऊ शकला असता, पण परत आला, आणि परत येणं म्हणजे आर्थिक नुकसान होतं हे आपल्या लोकांना जास्त कळेल. अमेरिकन पोरं 2021 पासून जाहिरातींचे पैसे घेऊ शकतात, लाखो डॉलर. ईडी कॅनडाचा, एफ-1 म्हणजे स्टुडंट व्हिसावर, आमच्यासारखाच. आम्हाला टर्म चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तास काम, त्याच्यावर एक तास नाही. देशातला सगळ्यात चांगला कॉलेज प्लेअर आणि अमेरिकेत उभं राहून साधी जाहिरात करता येत नाही. लायब्ररीच्या डेस्कवर तास मोजत बसलेलो असताना मला हे नेहमी आठवायचं, आणि तो मला अजून जवळचा वाटायचा.

चौथं वर्ष मात्र सोनं. मी तोवर इंडियानापोलिसला नोकरीला लागलो होतो, टूर्नामेंटच्या पहिल्या दोन मॅच शहरातच होत्या, दुसरीचं तिकीट काढलं, युटा स्टेटला 106-67 ने धुतलं. मग डेट्रॉइटला टेनेसी. ही त्याच्या कॉलेज करिअरची सगळ्यात मोठी मॅच. टेनेसीचा डिफेन्स देशातल्या सगळ्यात चिवटांपैकी, आणि त्यांचा डाल्टन कनेक्ट पेटलेला, 37 टाकले त्याने. ईडीने 40 टाकले आणि 16 रिबाउंड घेतले. 21 पैकी 13 शॉट, 22 पैकी 14 फ्री थ्रो, जवळजवळ पूर्ण मॅच कोर्टवर. आणि शेवटी कनेक्ट रिंगकडे घुसला तेव्हा ह्यानेच तो शॉट अडवला. चाळीसाव्या मिनिटाला. दोन वर्षांपूर्वी चार मिनिटांत धापा टाकणारा पोरगा. 72-66, आणि पर्ड्यू 1980 नंतर पहिल्यांदा फायनल फोरला, म्हणजे शेवटच्या चार टीम्समध्ये. मॅच संपल्यावर मी आईला फोन केला, तिकडे सोमवारची पहाट होती, तिला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही पण ती म्हणाली, "तुझा तो उंच मुलगा जिंकला का?"

फायनलला युकॉन, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कनेक्टिकट. 8 एप्रिल 2024. आणि इथे मर्यादेची दुसरी बाजू दिसली. फेअरली डिकिन्सनने त्याला बॉलच घेऊ दिला नव्हता, युकॉनने उलट केलं. घेऊ दे म्हणाले. त्यांच्याकडे डोनोव्हन क्लिंगन होता, सात फूट दोन, त्याला एकट्याला ईडीवर ठेवला आणि बाकी चौघं पर्ड्यूच्या शूटर्सना चिकटून राहिले, मदतीला कुणी आलंच नाही. सीझनभर चाळीस टक्क्यांनी थ्री टाकणारी टीम, तिला अख्ख्या फायनलमध्ये सात थ्री घ्यायला मिळाले, एक आत. ईडीचे 37, बाकी सगळ्या टीमचे मिळून 23. 75-60. दोनचा बास्केट आणि तीनचा बास्केट ह्यांच्या हिशोबात दोनवाला कितीही भारी असला तरी मागे पडतो, आणि क्लिंगनला रेटत रेटत प्रत्येक दोन पॉइंटसाठी ईडीला जी ताकद लावावी लागत होती ती सेकंड हाफमध्ये संपलेली दिसत होती, हुक रिंगच्या पुढच्या कडेला लागायला लागले की समजायचं पाय गेले.

तर दोन हार, दोन उलटे डाव. एकाने त्याला बॉल मिळू दिला नाही, दुसऱ्याने मिळू दिला आणि बाकीच्यांचा बंद केला. ईडी दोन्ही मॅचमध्ये वाईट खेळला असं कुणी म्हणूच शकत नाही. पण ज्या टीमचा रस्ता एकाच सेंटरमधून जातो तिचा रस्ता अडवायच्या ह्या दोनच जागा आहेत, आणि दोन्ही सापडल्या.

रेटिंग द्यायचं तर कॉलेजचा सेंटर म्हणून पाचपैकी पावणेपाच, तो पाव कापतोय तो बाहेरच्या डिफेन्ससाठी आणि उशिरा दिसणाऱ्या पाससाठी. पर्ड्यूच्या इतिहासात सगळ्यात जास्त पॉइंट आता त्याचे आहेत, रिक माउंटचा जुना रेकॉर्ड मोडून. एनबीएला तो चालणारच नाही असं म्हणणाऱ्यांना मेम्फिसने ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) नवव्या नंबरवर घेऊन उत्तर दिलं, पहिल्या सीझनला एकवीस बावीस मिनिटांत 9.2 पॉइंट, 8.3 रिबाउंड आणि रुकीजच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या खेळाडूंच्या, पहिल्या टीममध्ये नाव. तिथे तो हिरो नाही, स्क्रीन लावतो, रिबाउंड घेतो, आणि रस्ता दुसऱ्यांमधून जातो, मला तर वाटतं हेच काम त्याला जास्त शोभतं. काळजी एकच, पाय. 2025 च्या उन्हाळ्यात घोट्याचं ऑपरेशन झालं आणि एवढ्या वजनाच्या सेंटरचा घोटा म्हणजे हलक्यात घ्यायची गोष्ट नाही.

ज्यांनी त्याला कधी बघितलं नाही त्यांनी टेनेसीची मॅच शोधून पूर्ण बघा. पहिली दहा मिनिटं बॉलकडे बघू नका, फक्त त्याच्या पायांकडे बघा.